घरच्यांच्या धाकातून बाहेर पडताना: आधी कागद, मग निवारा, मग लग्न

घरच्यांच्या मर्जीविरुद्ध जोडीदार निवडलेली किंवा घरच्यांनी ठरवलेले स्थळ नाकारलेली मुले-मुली मदत मागायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "कोर्ट मॅरेजला किती दिवस लागतात?" हाच असतो. तो पाचवा किंवा सहावा प्रश्न असायला हवा. लग्न झाले की कायद्याने आपण सुरक्षित झालो, या समजुतीवर सारा बेत आखला जातो आणि मग लग्नाच्या दुसऱ्या दिवशी राहायचे कुठे, पोलिसांना काय सांगायचे, घरून फोन आला तर काय बोलायचे, यांपैकी कशाचीच तयारी नसते. विवाहाचे प्रमाणपत्र न्यायालयात उपयोगी पडते; रात्री दारात गाडी घेऊन आलेल्या चुलत्यांसमोर ते उपयोगी पडत नाही.

पुढील टप्पे त्याच क्रमाने वाचावेत आणि शक्यतो त्याच क्रमाने अमलात आणावेत. हा लेख महाराष्ट्रातील सज्ञान मुलामुलींसाठी आहे, मात्र त्यांना मदत करणाऱ्या मित्रांनी, शिक्षकांनी आणि एखाद्या समजूतदार मावशीने किंवा आत्यानेही तो वाचावा, कारण निम्म्या चुका मदत करणाऱ्यांच्या हातून होतात.

टप्पा १: वय आणि धोका नीट पडताळा

सर्वप्रथम जन्मतारखेचा अधिकृत पुरावा पाहा. जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला यांतील तारीख ग्राह्य धरली जाते. तोंडी सांगितलेली किंवा आधार कार्डावर अंदाजाने टाकलेली तारीख ऐनवेळी घात करते. मुलगी अठरा वर्षांच्या आत असेल तर हा लेख येथेच थांबवा. तिला सोबत घेऊन जाणाऱ्यावर अपहरणाचा आणि पॉक्सोचा (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचा) गुन्हा दाखल होऊ शकतो आणि तिची संमती तेथे ग्राह्य धरली जात नाही. तिच्यावर लग्नाची सक्ती होत असल्यास १०९८ या चाइल्डलाइनवर कळवावे. लग्न थांबवणे हे गावातील बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे, म्हणजे ग्रामसेवकाचे, कर्तव्य आहे.

मुलगी अठरा वर्षांवरील, पण मुलगा एकवीस वर्षांच्या आतील असेल तर दोघांना लग्न करता येत नाही, मात्र सज्ञान म्हणून एकत्र राहता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. संरक्षण मागण्यासाठी विवाहित असणे आवश्यक नाही, ही गोष्ट अनेक पोलीस ठाण्यांतही माहीत नसते.

धोका मोजताना केवळ मारहाण झाली का, एवढेच पाहू नका. कॉलेज बंद करणे, फोन काढून घेणे, एकटीला किराणा दुकानातही न पाठवणे, पगाराचे एटीएम कार्ड भावाकडे ठेवणे, घाईघाईने बैठक बोलावून सुपारी फोडणे आणि अचानक मामाच्या गावी नेऊन ठेवणे, या गोष्टी एकामागून एक घडू लागल्या की वेळ कमी उरली आहे असे समजावे. "आमच्या घरात असले कोणी करत नाही" हा अंदाज मुलेमुली आईवडिलांच्या स्वभावावरून बांधतात, परंतु निर्णय पुष्कळदा आईवडील घेतच नाहीत. तो भावकी घेते आणि आईवडिलांना तो निमूटपणे मान्य करावा लागतो.

तपासा: गेल्या तीन महिन्यांतील धमक्या तारीख, वेळ, ठिकाण आणि नेमक्या शब्दांसह एका कागदावर लिहिल्या आहेत का? तो कागद किंवा त्याचा फोटो घराबाहेरच्या विश्वासू व्यक्तीकडे आहे का?

टप्पा २: कागद, फोन आणि पैसे

ही तयारी घरात असतानाच, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा गतीने करायची आहे. मूळ कागद एकदम उचलू नयेत. एक मुलगी रोज क्लासला जाताना वहीत घालून एकेक कागद नेत असे आणि मैत्रिणीच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीत साठवत असे. दहावीचे प्रमाणपत्र, जन्मदाखला, आधार, पॅन, जातीचा दाखला आणि बँकेचे पासबुक असा संच पूर्ण व्हायला तिला अकरा दिवस लागले. मूळ कागद कपाटात कुलूपबंद असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवावेत. दहावीच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत पुढे बोर्डाकडून मिळवता येते, त्यासाठी कुलूप तोडू नये.

आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक वडिलांचा असेल तर पुढची प्रत्येक सरकारी पायरी वडिलांच्या फोनवर ओटीपी पाठवेल. हा क्रमांक आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन बदलता येतो आणि त्यासाठी वेगळ्या कागदपत्रांची गरज नसते. बँक खाते आईवडिलांसोबत संयुक्त असेल तर ते वापरू नये, कारण कोणत्या एटीएममधून पैसे काढले याचा संदेश घरी पोहोचतो. स्वतःच्या नावाचे वेगळे खाते उघडावे आणि निघण्यापूर्वी थोडी रोख रक्कम बाजूला ठेवावी.

फोनच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक म्हणजे निघण्याच्या आठवडाभर आधीच पासवर्ड बदलणे; भाऊ रोज फोन तपासत असेल तर बदललेला पासवर्ड हीच त्याच्यासाठी सूचना ठरते. दुसरी चूक म्हणजे निघाल्यानंतरही जुनाच फोन चालू ठेवणे. फोन घरातील कोणाच्या गूगल खात्यावर चालत असेल, लोकेशन शेअरिंग सुरू असेल किंवा व्हॉट्सअॅप दुसऱ्या उपकरणाला जोडलेले असेल, तर ठिकाण सहज कळते. सर्व बदल निघाल्यानंतर, त्याच दिवशी, एकदम करावेत आणि स्वतःच्या नावाचे नवे सिम वापरावे. धमक्यांचे मेसेज आणि कॉल रेकॉर्डिंग मात्र पुसण्यापूर्वी दुसरीकडे पाठवून ठेवावेत.

सावधान: घरातून दागिने, रोख रक्कम किंवा वाहन नेऊ नका. सोन्याची साखळी तुमच्याच नावाने घडवलेली असली तरी ती घरी ठेवून या. अशा वेळी सर्वात सोपी तक्रार चोरीची असते आणि ती जोडीदाराच्या नावावर टाकली जाते. घरची गाडी नेल्यास पहिल्याच टोलनाक्यावर फास्टॅगचा संदेश वडिलांच्या फोनवर जातो.

टप्पा ३: निवारा निश्चित करा, तोही दोघांसाठी

मित्राची खोली हा निवारा नव्हे. घरचे शोध सुरू करतात तो मित्रांच्या यादीपासूनच, आणि त्या मित्राच्या आईवडिलांवर दबाव आला की तासाभरात पत्ता बाहेर पडतो.

शक्ती वाहिनी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाइन आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षागृह असावे, असे निर्देश दिले. सुरक्षागृहात नाममात्र शुल्कात महिनाभर राहता येते आणि धोका कायम असल्यास ही मुदत दर महिन्याला वाढवत एक वर्षापर्यंत नेता येते. महाराष्ट्राच्या गृह विभागाने याबाबतचे परिपत्रक डिसेंबर २०२४ मध्ये काढले असून कक्षाची जबाबदारी जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांवर आणि शहरात पोलीस आयुक्तांवर आहे. कागदावर असलेली सोय प्रत्यक्षात किती तयार आहे, यात जिल्ह्याजिल्ह्यांत फार तफावत आढळते. म्हणून निघण्यापूर्वी विश्वासू व्यक्तीमार्फत अधीक्षक कार्यालयात चौकशी करावी; "आमच्याकडे असे काही नाही" हे उत्तर ठाण्यातील अंमलदाराकडून मिळाले तर ते अंतिम मानू नये.

केवळ मुलीला तातडीने आसरा हवा असेल तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे संकटातील महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, साधारण पाच दिवस राहता येते आणि १८१ या महिला हेल्पलाइनवरून तेथे पोहोचण्याची व्यवस्था होऊ शकते. येथे एक गोष्ट सुटते: मुलगी केंद्रात सुरक्षित असते आणि मुलगा मात्र आपल्या गावी किंवा नेहमीच्या नोकरीवर परत जातो. मुलगा दलित किंवा भटक्या समाजातील असेल तर पहिला हल्ला त्याच्यावर किंवा त्याच्या घरावर होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून त्याच्या निवाऱ्याचा आणि त्याच्या आईवडिलांना आधी सावध करण्याचा विचार याच टप्प्यावर झाला पाहिजे.

तपासा: पहिल्या ठिकाणी जाता आले नाही तर दुसरे ठिकाण ठरले आहे का? संकटाची सूचना देणारा एखादा साधा शब्द, उदाहरणार्थ "नोट्स पाठव", विश्वासू व्यक्तीला माहीत आहे का?

टप्पा ४: बाहेर पडण्याचा दिवस आणि पोलिसांना पत्र

दिवसा, नेहमीच्या कामाच्या वेळी बाहेर पडावे. घरात चिठ्ठी ठेवली तरी चालेल, पण तिच्यात ठिकाण, जोडीदाराचे नाव किंवा "जिवाचे बरेवाईट" असा कोणताही शब्द नसावा. तशा शब्दांतून पुढे आत्महत्येचा बनाव उभा करता येतो.

घरचे संध्याकाळपर्यंत बेपत्ता असल्याची नोंद करतील किंवा अपहरणाची तक्रार देतील, असे गृहीत धरावे. त्यामुळे तुमचे पत्र त्यांच्या तक्रारीच्या आधी किंवा निदान त्याच दिवशी पोलिसांकडे पोहोचले पाहिजे. संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळा राहून जाणारी पायरी हीच आहे. पत्र मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे आणि ते गावचे पोलीस ठाणे, सध्या राहत असलेल्या ठिकाणचे पोलीस ठाणे आणि जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, अशा तिघांना पाठवावे. मजकूर पुढीलप्रमाणे असावा:

"मी, वय २२ वर्षे, आज सकाळी दहा वाजता स्वतःच्या मर्जीने घरातून बाहेर पडले आहे. मला कोणीही फूस लावलेली नाही किंवा पळवून नेलेले नाही. मी माझी शैक्षणिक कागदपत्रे, कपडे आणि फोन एवढेच सोबत घेतले असून दागिने किंवा रोख रक्कम घेतलेली नाही. माझ्या संमतीविरुद्ध माझे लग्न ठरवण्यात आले असून माझे वडील, भाऊ व चुलते यांनी मला व माझ्या जोडीदाराला जिवे मारण्याची धमकी दिली आहे, त्याचा तपशील सोबत जोडला आहे. माझ्याबाबत बेपत्ता किंवा अपहरणाची तक्रार आल्यास माझा जबाब मी सध्या राहत असलेल्या जिल्ह्यात घ्यावा आणि माझा पत्ता नातेवाइकांना कळवू नये."

गावच्या ठाण्याला पाठवायच्या प्रतीत सध्याचा पत्ता लिहू नका. तो अधीक्षकांना बंद पाकिटात द्या. गावच्या ठाण्यात कोण कोणाचा पाहुणा आहे हे बाहेरच्याला कळत नाही. पत्र हाताने दिल्यास आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोस्टाने पाठवल्यास पोचपावती जपावी आणि ईमेलही करावा. "साहेब आल्यावर शिक्का मारतो" असे सांगून परत पाठवले तर त्याच वेळी ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून पत्र दिल्याचे सांगावे, म्हणजे तेथे नोंद राहते.

घरात कोंडले असेल तर

बाहेर पडण्याआधीच मुलीला डांबून ठेवले असेल तर जोडीदाराने किंवा मित्रांनी घरावर जाऊन वाद घालू नये. ११२ वर तिचे नाव, वय, घराचा पत्ता आणि कोंडून ठेवल्याचे कारण सांगावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली दंडाधिकारी झडतीचे वॉरंट काढून तिला आपल्यासमोर हजर करायला लावू शकतात, आणि उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची, याचिका दाखल करता येते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० वर फोन करावा.

तिच्यासाठी आणखी एक मार्ग आहे, जो वकीलही पुष्कळदा विसरतात. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ हा केवळ विवाहित स्त्रियांसाठी नाही. वडील आणि भाऊ यांच्याविरुद्ध मुलीलाही त्याखाली संरक्षण आदेश मागता येतो. या कायद्याच्या नियमांतील घटना अहवालाचा पहिला नमुना उघडून पाहिला तर मनाविरुद्ध लग्नाची सक्ती करणे आणि आपल्या पसंतीच्या व्यक्तीशी लग्न करू न देणे, हे प्रकार त्यात शब्दशः छापलेले आढळतात. संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, तो नमुना भरताना त्याच ओळींवर खूण करावी.

टप्पा ५: जबाब देताना

पोलीस ठाण्यात बोलावले जाते आणि तेथे दोन्ही घरची माणसे समोरासमोर बसवली जातात. आई रडते, वडील पायाशी पागोटे ठेवतात, बाहेर पंचवीस माणसे उभी असतात आणि अधिकारी म्हणतात, "आपसात मिटवून टाका." या खोलीत दिलेला जबाब मुक्त संमतीने दिलेला जबाब नव्हे. म्हणून जबाब वेगळ्या खोलीत, नातेवाइकांच्या अनुपस्थितीत घ्यावा, अशी मागणी आधीच लेखी करावी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार म्हणून जबाबासाठी स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाव्यतिरिक्त अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. गावच्या ठाण्यातूनच जबाब द्यावा लागेल, असा आग्रह धरणाऱ्या तपास अधिकाऱ्याच्या वर्तनावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कर्नाटकातील प्रकरणात ताशेरे ओढले आहेत. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला कुटुंबाची किंवा समाजाची संमती लागत नाही, हेही त्याच निकालात नमूद आहे.

तपास सुरू असल्यास कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यासमोर जबाब नोंदवण्याची विनंती करावी. पोलिसांपुढील जबाबापेक्षा त्याला अधिक वजन असते आणि नंतर "दबावाखाली बोलली" असा आरोप सहज टिकत नाही.

धमकीची तक्रार करताना अदखलपात्र नोंदीची (जिच्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत) पावती हातात देऊन बोळवण केली जाते. धमकी जिवे मारण्याची असेल, डांबून ठेवले असेल किंवा मारहाण झाली असेल तर गुन्हा दाखल करण्याचा आग्रह धरावा. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, तो पुढे योग्य हद्दीच्या ठाण्याकडे पाठवला जातो आणि त्याची प्रत विनामूल्य मिळते. नकार मिळाल्यास तक्रार अधीक्षकांना लेखी पाठवावी. २०१८ च्या निर्देशांनुसार अशा धोक्याची प्राथमिक चौकशी अपर अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करून आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा असतो. जोडीदार अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लावण्याची मागणी तक्रारीतच लिहावी. जातपंचायतीने दंड मागितला किंवा वाळीत टाकले असेल तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

टप्पा ६: आता लग्न

दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर हिंदू विवाह कायद्याखाली विधीपूर्वक लग्न करून नोंदणी करता येते आणि त्यासाठी आगाऊ नोटीस लागत नाही. मात्र विधी प्रत्यक्ष झाले पाहिजेत. केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. विधीचे फोटो, विधी लावणाऱ्याची सही आणि तीन साक्षीदारांची ओळखपत्रे सांभाळावीत. नोंदणी गावच्या ग्रामपंचायतीत करू नये. जेथे लग्न लागले त्या शहरातील कार्यालयात करावी.

दोघांचे धर्म वेगळे असतील तर विशेष विवाह कायदा, १९५४ हाच सरळ मार्ग आहे, पण त्याचे दिवस नीट मोजावेत. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान तीस दिवस राहिलेले असावे लागते. त्यानंतर नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि आक्षेपांसाठी पुन्हा तीस दिवस जातात. म्हणजे नव्या जिल्ह्यात पोहोचल्यापासून लग्नापर्यंत किमान दोन महिने. त्याशिवाय तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील असेल तर नोटिशीची प्रत तेथील विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तेथल्या फलकावर लागते. निवारा आधी का, याचे उत्तर या दोन महिन्यांत आहे. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न न लागल्यास सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागते, तेही ध्यानात ठेवावे. घरच्यांची नापसंती हा कायद्याने ग्राह्य आक्षेप नाही.

सावधान: स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र म्हणजे लग्न नव्हे. न्यायालयाच्या आवारात "तासाभरात करून देतो" म्हणणारे दलाल हाच कागद हजारो रुपयांना देतात. एका दिवसात धर्मांतर करून लग्न लावून देणाऱ्यांपासूनही दूर राहावे.

टप्पा ७: "परत या" म्हणून आलेला फोन

साधारण दोन-तीन आठवड्यांनी घरून येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. आई आजारी आहे, आजीने अन्न सोडले आहे, "झाले ते झाले, आता थाटात लग्न लावून देतो", किंवा पुढे दिवस गेल्याचे कळले की "पहिले बाळंतपण माहेरीच व्हायला हवे". यांतील काही फोन मनापासूनचे असतात, आणि म्हणूनच ते ओळखणे अवघड जाते. खरा कोणता आणि खोटा कोणता हे आवाजावरून ठरवण्याचा प्रयत्न करू नका, कारण फोन करणाऱ्या आईलाही पुष्कळदा बाकीच्यांचा बेत माहीत नसतो. त्याऐवजी सर्वांना एकच नियम लावा: पहिली भेट घरी नाही, गावात नाही आणि एकटीने नाही.

भेट घ्यायचीच असेल तर संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा महिला कक्षात, दिवसा, आधी लेखी कळवून घ्यावी आणि घरातील दोघांपेक्षा अधिक माणसांना येऊ देऊ नये. भेटीनंतर राहत्या ठिकाणी थेट परतू नये. कोणी मागे येत आहे का, ते पाहून वाट बदलावी. आई आजारी असल्याचे सांगितल्यास कोणत्या रुग्णालयात दाखल आहे ते विचारावे आणि तिसऱ्या व्यक्तीमार्फत खात्री करावी. घरच्यांनी पोलिसांसमोर दिलेले हमीपत्र उपयोगी कागद आहे, पण ते मिळाले म्हणून सुरक्षागृह लगेच सोडू नये.

या काळात आंतरजातीय विवाहाच्या प्रोत्साहन योजनेसाठी अर्ज करायला मूळ जिल्ह्यात जाणे, कॉलेजचा निकाल आणायला जाणे, गावच्या मतदानाला जाणे, अशा साध्या कारणांनीही गाठले जाण्याची भीती असते. मतदान वगळता ही कामे पुढे ढकलता येतात किंवा अधिकारपत्र देऊन दुसऱ्याकडून करून घेता येतात. सुरक्षागृहाची मुदत संपण्याच्या किमान आठ दिवस आधी मुदतवाढीचा अर्ज द्यावा, त्यात मधल्या काळात आलेल्या प्रत्येक फोनची तारीख लिहावी आणि त्या अर्जाच्या प्रतीवरही आवक क्रमांक घ्यावा.